दुबईला निघालात? परतीचं तिकीट अजिबात काढू नका

एजंटने सांगितलंय ना, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पोचलात की कंपनी व्हिसा बदलून देईल"? मग झालं तर. त्याचं बोलणं अर्धं खरंही आहे. कंपनीने तुमच्या नावाचं वर्क परमिट काढलं, तर तिथल्या तिथे व्हिसा बदलता येतो. परमिट कधी आणि कोण काढणार, हे मात्र विचारू नका. उगाच वाईट दिसतं.

रीतसर मार्ग फारच रटाळ आहे. आधी ऑफर लेटर, मग नोकरीचं एन्ट्री परमिट, उतरल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी म्हणजे तिथलं ओळखपत्र. त्यात भरतीचा आणि परमिटचा खर्च कायद्याने कंपनीच्या गळ्यात. असल्या फुकटच्या नोकरीला काय इज्जत? त्यापेक्षा एजंटला दीड लाख मोजा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाहीत; एवढ्यात ज्याचं भागतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर आपल्या माणसाचा नोंदणी क्रमांक शोधणं तर शुद्ध कृतघ्नपणा.

आता मुंबई विमानतळ. चेक-इनला रिटर्न तिकीट मागतील. काउंटरवरच्या मुलीला तुमच्या सुट्टीशी काही देणंघेणं नाही. कोणत्या देशात काय कागद लागतात, ते टिमॅटिकवर, म्हणजे विमान कंपन्या वापरतात त्या नियमांच्या यादीवर, तिच्यासमोर दिसत असतं. तिकडून तुम्हाला परत पाठवलं तर माघारी आणायची जबाबदारी विमान कंपनीची, आणि कंपनी ते भाडं तुमच्याकडून वसूल करू शकते. इथे एजंटने दिलेलं डमी तिकीट ऐटीत पुढे करा. त्यावर सहा अक्षरी पीएनआर असतो, छान दिसतो. पैसे भरलेल्या तिकिटाला मात्र 13 आकडी नंबर असतो आणि ती मुलगी नेमका तोच शोधते. तो नसेल तर ते नुसतं अडवून ठेवलेलं सीट. मुदत संपली की आपोआप रद्द, कधी कधी तुम्ही रांगेत उभे असतानाच.

दहावी झालेली नसेल आणि पासपोर्ट ईसीआर (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असेल, तर मजा आणखी वाढते. यूएईसह 18 देशांच्या यादीत नोकरीसाठी जायचं तर सरकारी मंजुरी लागते. फिरायला जायचं तर व्हिसासोबत परतीचं तिकीट. तुमच्याकडे दोन्ही नाही, म्हणजे पाटी कोरी. इमिग्रेशनवाल्याने "कुठे राहणार?" विचारलं की "मित्राकडे" म्हणा, "काय बघणार?" विचारलं की "बुर्ज खलिफा". फाइलमध्ये वेल्डिंगची सर्टिफिकेटं वरच ठेवा, त्याला शोधाशोध नको. ऑफलोड झालात, म्हणजे विमानात चढूच दिलं नाही, तर स्वस्तातल्या तिकिटाचे पैसे बहुतेक बुडतात, एजंटचा फोन तर नक्कीच बंद लागतो.

बॅगेत घरचा मालवणी मसाला असेलच. त्यात खसखस असते आणि यूएईत ती अमली पदार्थांत मोडते. (हे मात्र चेष्टेत घेऊ नका; डबा घरीच ठेवा.)

समजा, सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पोचलात. व्हिजिटवर एक दिवसही काम करणं बेकायदा, आणि कामावर ठेवणाऱ्याला 2024 पासून 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड. त्यामुळे तपासणी आली की मालक तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. पगार बँकेतून देण्याची सरकारी व्यवस्था परमिटवाल्यांसाठी. तुमचा पगार रोख, पावतीशिवाय, त्याच्या मर्जीने. बुडाला तर तक्रारीत पहिलं वाक्य "मी व्हिजिटवर काम करत होतो" असं लिहावं लागेल.

व्हिसाची मुदत उलटली की दंड रोजचे 50 दिरहम, वर्षाचे 18,250. दंडमाफी 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2024 अशी मिळाली होती, ती हुकली. पुढची जाहीर होईपर्यंत दुबईतल्या देरा भागात बेडस्पेस (खोलीतली भाड्याची एक खाट) बघून ठेवा, आणि परतीच्या तिकिटाचे भाव अधूनमधून पाहत जा. आयत्या वेळी काढलेलं एकेरी तिकीट फार महाग पडतं.