आधी गळती शोधून दाखवा, मग दर सांगा

गळती बघायला आलेला माणूस बाथरूमच्या दारातच उभा राहून "पूर्ण तोडावं लागेल मॅडम" म्हणाला आणि लगेच स्क्वेअर फुटाचा दर सांगून मोकळा झाला, तर त्याला काम देऊ नका. तो कितीही गोड बोलत असो, कुणीही त्याचं नाव सुचवलेलं असो. पाणी नेमकं कुठून येतंय हे त्याला ठाऊक नसतं. शोधायची इच्छाही नसते, कारण शोधलं तर काम छोटं निघायची भीती असते.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीची मी सचिव आहे. ओल, पोपडे, बुरशी, वरच्या-खालच्यांची भांडणं आणि त्यावर पोट भरणारे कॉन्ट्रॅक्टर हे सगळं सतत जवळून बघतेय. आमच्या शेजारच्या काका-काकूंचं जे झालं त्यानंतर मात्र गप्प बसवेना, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

काका निवृत्त, मुलगा परदेशात. त्यांच्या बाथरूमखालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. एक कॉन्ट्रॅक्टर आला, छापील कार्ड दिलं, मोबाइलवर दुसऱ्या कामांचे फोटो दाखवले आणि एक लाख दहा हजार सांगितले. सत्तर हजार आधी घेतले. फरशी उखडली, राडारोडा जिन्यात पडून राहिला, कसलंसं केमिकल मारलं, नव्या टाइल्स बसल्या. बाथरूम देखणं दिसायला लागलं आणि उरलेले पैसेही गेले. महिनाभरात ओल परत त्याच जागी. मग "साइटवर आहे", "उद्या माणूस पाठवतो", "गावाला आलोय" आणि शेवटी फोन उचलणंच बंद.

त्यानंतर आम्ही एका वयस्क मिस्त्रींना बोलावलं. ते आधी वर गेलेच नाहीत. खालच्या फ्लॅटमध्ये स्टुलावर चढले, ओलीच्या कडेकडेने पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला तारीख, वेळ लिहिली. मग एकच प्रश्न विचारला : ओल कायम असते, वापर झाल्यावर वाढते, की पावसातच येते? खालच्या वहिनी म्हणाल्या, कायम. काका-काकू आठवडाभर गावी गेले होते तेव्हाही होती. मिस्त्रींनी गच्चीवर जाऊन काकांच्या लाइनचा कॉक बंद करायला लावला. काकूंनी बादल्या भरून ठेवल्या आणि दोन दिवस सगळा वापर त्यावरच भागवला. ओलीची कड पेन्सिलच्या रेघेच्या आत सरकली. नंतर कॉक उघडून फक्त गीझरकडे जाणारी लाइन बंद ठेवली, तरी कड पुढे आली नाही. स्वयंपाकघराच्या बाजूने भिंत हातभर फोडल्यावर गरम पाण्याच्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपचा एक एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड सापडला, ज्याला चिकटवायचं सोल्युशन नीट लागलेलंच नव्हतं. बोटाने चाचपलं तर थेंब जमत होता. सामान काही शे रुपयांचं, वर मिस्त्रींची मजुरी. नव्या टाइल्सचा आणि त्या ओलीचा काडीचाही संबंध नव्हता.

यात गुपित काही नाही. कुणालाही घरी करता येईल इतकं साधं आहे. नळाच्या पाइपातून पाणी झिरपत असेल तर त्याला चोवीस तास दाब असतो, म्हणून ओल हटत नाही. सांडपाण्याच्या बाजूने, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, सांडपाणी जायचा भाग), कमोडचा सांधा किंवा फरशीखालून येत असेल तर वापराप्रमाणे कमी-जास्त होते. आणि फक्त पावसात येत असेल तर बाथरूमला हात लावायचं कारणच नाही. बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा, गच्ची किंवा डक्टमधले, म्हणजे इमारतीच्या उभ्या पोकळीतले पाइप बघायचे. दुसऱ्या प्रकारचा संशय असेल तर ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी साठवायचं आणि त्यात कपड्याची नीळ घालायची. खाली निळसर डाग आला तर फरशी गळतेय. आला नाही, तर ट्रॅप उघडून तेच पाणी सोडायचं आणि मग बघायचं. झिरपायला वेळ लागतो, तेवढा धीर धरायचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की निदान करणारा आणि तोडफोड करणारा शक्यतो एकच माणूस नसावा. निदानासाठी वेगळे पैसे मोजा. अनुभवी प्लंबर किंवा सिव्हिल इंजिनिअर येऊन बघून जाईल त्याचे हजार-दोन हजार आपल्याला जड वाटतात आणि लाखाचं काम नुसत्या बोलण्यावर देऊन टाकतो. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य मी आमच्याच मीटिंगमध्ये किती वेळा ऐकलंय! फुकट बघणारा ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करतो, तोडून.

आता मे महिन्यातल्या घाईबद्दल. वळवाच्या दोन सरी पडल्या की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. "पाऊस तोंडावर आलाय, आज ॲडव्हान्स दिला तरच नंबर लागेल." २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला आणि मेअखेर काम संपवायचं ठरवलेल्यांची तारांबळ उडाली. ओलसर, धुळीच्या, शेवाळ नीट न घासलेल्या कोब्यावर कोटिंग मारलं की ते पापुद्र्यासारखं सुटतं. बादलीवर किती जागेला किती माल लागतो ते छापलेलं असतं, पण बादली आपल्यासमोर उघडली जात नाही आणि पाणी किती घातलं ते कळत नाही. गच्ची गळते ती बहुतेक वेळा मधोमध नाहीच. कठड्याच्या कोपऱ्यातली वाट (गच्ची आणि कठडा जोडणारी सिमेंटची गोलसर पट्टी) तडकलेली असते, पावसाच्या पाइपाचा खुरा (पाइपाच्या तोंडाशी केलेला खोलगट भाग) तुंबलेला असतो किंवा फुटलेला असतो, उतार उलटा असतो. नुसतं वरून पांढरं फासून यातलं एकही दुरुस्त होत नाही. गळती पावसात शोधायची, फोटो काढून खुणा करून ठेवायच्या आणि काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करायचं, हा क्रम आमच्या सोसायटीने आता पक्का केलाय.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या. गच्ची सोसायटीची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून गळणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. "तुमच्या डोक्यावर गळतंय, तुम्हीच करून घ्या" म्हणत एखाद्या म्हाताऱ्या सभासदाला कॉन्ट्रॅक्टरच्या हवाली करणं हा अन्याय आहे, आणि तो पुण्यात सर्रास होतो.

सगळेच लबाड असतात असं नाही. काहींना काम येतच नसतं, आणि ते मन लावून चुकीचं करतात. पुण्यात रंगकाम, टाइल्स, वॉटरप्रूफिंग करायला परवाना लागत नाही. कार्ड छापलं की झाला कॉन्ट्रॅक्टर. विजेचं तसं नाही. वायरिंगचं काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं, त्यामुळे परवाना मागण्यात संकोच कसला? तरीही रंगारी "माझाच माणूस आहे, पॉइंट काढून देईल" म्हणतो आणि आपण हो म्हणतो. गीझर-एसीला साधारणपणे चार एमएमची वायर ओढतात, तिथे लाइटची दीड एमएमची ओढलेली मी डोळ्यांनी बघितली आहे, बोर्डाच्या आत काळी पडलेली. अर्थिंगची वायर नुसती आत दुमडून ठेवलेली. ओल आलेल्या भिंतीत असं वायरिंग म्हणजे जिवाशी खेळ आहे. गळती असलेल्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतल्याशिवाय राहू नका, एवढं कळकळीने सांगते.

आणि कॉलम-बीम! पाइप लपवायला आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) कॉलमला ब्रेकर लावणारे महाभाग आहेत. लोखंडी सळीवरचं काँक्रीट गेलं की तिला हवा-पाणी लागतं, ती गंजते, गंजताना फुगते आणि उरलेलं काँक्रीटही फोडते. एका फ्लॅटच्या सुशोभीकरणाची किंमत अख्खी इमारत मोजते. ३० वर्षं झालेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्याने बंधनकारक आहे, पण ऑडिट होईपर्यंत असे घाव गिलाव्याखाली गाडले गेलेले असतात. ब्रेकरचा आवाज आला की सचिवाने वर जाऊन बघायलाच हवं. मी जाते, लोक नाराज होतात, होऊ देत.

पैशांचं सांगते. "मटेरियलसाठी ॲडव्हान्स लागेल" म्हणाला तर त्याच्याबरोबर दुकानात जा, पैसे दुकानदाराला द्या आणि बिल स्वतःच्या नावावर घ्या. मजुरी टप्प्याटप्प्याने. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवायचं, खाली ओल आली नाही तरच पुढचा हप्ता. ही चाचणी बहुतेक कॉन्ट्रॅक्टर टाळतात, कारण दोन दिवस माणसं बसून राहतात. म्हणूनच ती काम सुरू व्हायच्या आधी लेखी ठरवा. शेवटचे वीस टक्के तरी हातात ठेवा. "दहा वर्षांची गॅरंटी" कोण देतंय, कंपनी की तो स्वतः, आणि ती फक्त मालाची आहे की कामाचीही, हे कागदावर हवं.

"बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" या वाक्याला फार जण फसतात. वाचतं काहीच नाही, उलट तुमच्याकडे पुरावा उरत नाही. वर्षाला २० लाखांच्या आत सेवेची उलाढाल असलेल्या छोट्या ठेकेदाराला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं. मग त्याने जीएसटी लावायचा नाही, पण सही केलेली साधी पावती तर देता येते ना? आणि जीएसटी मागत असेल तर नंबर घ्या. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

एवढं करूनही फसलात तर "जाऊ दे, मनस्ताप नको" म्हणू नका. हीच आपली सवय या लोकांच्या पथ्यावर पडते. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि आपणच तक्रार करायला कचरतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कॉन्ट्रॅक्टरला लेखी नोटीस पाठवा. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयच्या नोंदी, तारखेसकट ओलीचे फोटो, दुसऱ्या जाणकाराचा लेखी अभिप्राय हे सगळं जपून ठेवा. पैसे घेऊन जो फिरकलाच नाही त्याची गोष्ट वेगळी. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसत असेल तर फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. पोलीस "दिवाणी मामला आहे" म्हणतील, तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

परदेशात असलेल्या मुलामुलींना हात जोडून सांगते. आई-बाबांच्या घरी काम निघालं की "किती होतील ते सांगा, पाठवतो" म्हणून एकरकमी पैसे पाठवू नका. कॉन्ट्रॅक्टरशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला, लेखी कोटेशन स्वतःच्या नंबरवर मागवा, हप्ते तुम्ही सोडा. घरात प्रश्न विचारणारं कुणी आहे हे कळलं तरी त्याची भाषा बदलते. दोन म्हातारी माणसं, उखडलेलं बाथरूम आणि न उचलला जाणारा फोन, हे मी पाहिलंय. काकू आंघोळीला रोज आमच्याकडे येत होत्या आणि त्यांना त्याचीही लाज वाटत होती. लाज त्यांना का वाटावी?

राग कॉन्ट्रॅक्टरवर धरा, कामगारांवर नको. काकांकडे राबलेल्या बिगाऱ्यांची शेवटच्या आठवड्याची मजुरीही त्याने बुडवली. ते बिचारे आमच्या गेटवर चौकशी करत आले होते. आणि ज्या मिस्त्रींनी एल्बो शोधला, त्यांच्याकडे कामं कमी असतात, कारण ते दोन दिवस नुसती रेघ बघत थांबा म्हणतात आणि दुसरा आजच तोडायला तयार असतो. अशा माणसांची मजुरी घासाघीस करून पाडू नका.

आमच्या सोसायटीने आता फ्लॅटमधल्या प्रत्येक कामासाठी एक पानाचा अर्ज केलाय. त्यात कामाचं स्वरूप, ठेकेदाराचं नाव-पत्ता, विजेचं काम असेल तर परवान्याची प्रत, कॉलम-बीमला हात लावणार नाही याची हमी, पाणी भरून चाचणी केल्याची तारीख आणि सहा महिन्यांनी सभासदाने द्यायचा अभिप्राय असं सगळं आहे. ते अभिप्राय फाइलमध्ये राहतात आणि पुढच्या सभासदाला वाचायला मिळतात. आमच्या भागातल्या इतर सोसायट्यांच्या सचिव-अध्यक्षांनी हा नमुना हवा असेल तर मला मेसेज करा, मी पाठवते. आणि तुमच्याकडे याहून चांगली पद्धत असेल तर तीही कळवा, पावसाळ्याआधी आमच्या अर्जात घालता येईल.