समालोचनाआधी कातडी तपासा

भारतात पहाटे सहाचा गजर लावून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग बघायची, आणि समालोचकांकडून कानावर काय पडतं? परवाच्या सामन्यात एकाच क्वार्टरमध्ये दोन गार्डनी, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्यांनी, तीच चाल केली. स्क्रीनला, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याला, खेटून वळले, आपापल्या बचावपटूला पाठीवर अडकवून ठेवलं, समोरचा सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच बचावपटू, पुढे येईपर्यंत थांबले आणि तो हलताच त्याच्या डोक्यावरून पास दिला. गोऱ्याला मिळालं ‘काय डोकं आहे!’ काळ्याला मिळालं ‘काय अंग आहे!’ ही कला तुम्हालाही साधावी म्हणून काही सूचना.

विशेषणं मिसळणाच्या डब्यासारखी वेगळ्या वाट्यांत ठेवा. गोऱ्याच्या वाटीत हुशार, कष्टाळू, शिस्तीचा, ‘बेसिक पक्कं’. काळ्याच्या वाटीत नैसर्गिक, स्फोटक, ताकदवान, आणि वयाने लहान असला तर ‘अजून कच्चा’. चमचा एकच वापरू नका.

गोऱ्या निकोला योकिचकडे ‘अंग नाही, सगळं डोक्यात’ म्हणा. 2.11 मीटर उंची आणि सव्वाशे किलोंचं वजन अंगात धरत नाहीत.

काळा टिम डंकन थोडा त्रास देईल. टोपणनावच ‘बिग फंडामेंटल’, पाच विजेतेपदं, आणि हुकमी शॉट कोणता, तर रिंगच्या डावीकडून तिरकं उभं राहून बोर्डावरच्या चौकोनाला लावलेला चेंडू. त्याला कंटाळवाणा म्हणा आणि पुढे सरका.

गोऱ्याने डंक मारला, म्हणजे उडी घेऊन चेंडू थेट रिंगमध्ये कोंबला, तर ‘दिसतो त्यापेक्षा चपळ’. कुणाला दिसतो, हे विचारायचं नाही.

तुलना जातीबाहेर करू नका. सोयरीक जुळवताना पाळतो तोच नियम. उंच गोरा पोरगा लांबून शॉट मारू लागला की तो सेल्टिक्सचा गोरा दिग्गज लॅरी बर्ड. ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा तेव्हाचा जनरल मॅनेजर डॅरिल मोरी याने मात्र आपल्या माणसांना एकाच वंशाच्या खेळाडूंची तुलना करायलाच बंदी घातली. चेहरा बघून डोळे कसे फसतात, त्यासाठी जेरेमी लिनचंच घ्या. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, 60 निवडी झाल्या, लिनचं नाव एकीतही नव्हतं. रॉकेट्सच्या आकडेमोडीला तो पसंत होता, पण आशियाई चेहरा बघून डोळ्यांना चपळाई दिसेना. फेब्रुवारी 2012 मध्ये त्याने लेकर्स संघावर 38 गुण चढवले, तेव्हा दिसली.

बर्डचा विषय निघालाच आहे, तर 1987 चा तो चोरलेला पास रोज सकाळी आठवा. सेल्टिक्स विरुद्ध पिस्टन्स, पाचवा सामना, पाच सेकंद उरलेले, पिस्टन्स एका गुणाने पुढे. आयझेया थॉमसने बाजूने पास टाकला आणि बर्डने तो मध्येच उचलला. केवढं डोकं! होतंच डोकं. पण बाहेर जाणारा तोल बेसलाइनवर, रिंगमागच्या रेषेवर, सावरून, वळून पास देणं हे काय होतं? ते अंग. आणि तो पास गेला कुणाकडे? डेनिस जॉन्सनकडे. चेंडू बर्डच्या हातात पडतो न पडतो तोच हा काळा गार्ड रिंगकडे सुटला होता. तो जागेवर उभा राहिला असता, तर बर्डची चोरी वायाच जायची. त्या धावेला ‘खेळाचं वाचन’ म्हणताना किती जणांना ऐकलंत?

त्याच मालिकेनंतर पिस्टन्सच्याच डेनिस रॉडमन या काळ्या खेळाडूने बर्डला गोरा म्हणून डोक्यावर घेतलंय असं म्हटलं, थॉमसने त्याला दुजोरा दिला, आणि गहजब झाला. बर्डबद्दल दोघंही साफ चुकले. सलग तीन वर्षं एमव्हीपी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू, उगाच होत नाही. पण त्याच ओघात थॉमस आणखी एक बोलला होता, की गोऱ्याच्या खेळाचं श्रेय विचाराला आणि कष्टाला जातं, आमच्या खेळाचं अंगच्या देणगीला. ते सोयीस्कर विसरलं गेलं.

देणगी म्हणे! काळ्या रे ॲलनच्या शॉटला देवाची देणगी म्हटलं की तो चिडायचा, आणि का चिडू नये? सामन्याच्या कित्येक तास आधी रिकाम्या कोर्टावर हजर. रिंगखाली जमिनीवर पडायचं, उठायचं, तीन गुणांच्या रेषेकडे न बघता उलट्या पावलांनी तिच्याबाहेर कोपऱ्यात जायचं, पास घ्यायचा, थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, मारायचा. पुन्हा पडायचं. 2013 च्या फायनलचा सहावा सामना, ॲलनचा संघ मायामी तीनने मागे, रिबाउंड, म्हणजे हुकून उडालेला चेंडू, सहकारी बॉशच्या हातात, आणि ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यात. पायाचा अंगठासुद्धा रेषेला लागला नाही. 95–95, घड्याळात 5.2 सेकंद. हे देवाने दिलं? आणि रॉडमन, ज्याला तुम्ही उड्या मारणारा येडा समजता, तो सरावात एकेका सहकाऱ्याच्या शॉटचे फिरके बघत उभा राहायचा; कुणाचा चेंडू रिंगवरून कुठे उडेल ते पाठ करायला. सलग सात वर्षं रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला. हा अभ्यास नाही तर काय आहे?

आता आपल्याकडचे ऐका. ‘त्यांच्या रक्तातच असतं हो’, आणि लगेच पुढचं वाक्य, ‘आपल्या पोरांच्या अंगातच नाही.’ अरे, लाज वाटू द्या. पहिल्या वाक्यात कुणाच्या तरी हजारो तासांवर पाणी फिरवता, दुसऱ्यात स्वतःच्या पोरांना कोर्टावर पाय ठेवायच्या आधीच बाद करता, आणि वर स्वतःला खेळातले दर्दी म्हणवता! सामना बघता की रंग? उद्या पहाटे टीव्हीचा आवाज बंद करा. चेंडू सोडा, चेंडू नसलेल्या चौघांचे पाय बघा. पास सुटायच्या आधी कोण हलला ते कागदावर लिहा. तोवर तोंड बंद ठेवा.