टीव्हीवरचं कव्हर

सकाळपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

गावी आलेय. आज पुतण्याला शाळेत सोडायला गेले. जिल्हा परिषदेचीच शाळा, मीही चौथीपर्यंत तिथेच शिकले. वर्गात भिंतीवर भला मोठा टीव्ही. गावानं वर्गणी काढून घेतलेला, आमच्या दादानंही दोन हजार दिलेत. त्यावर भरतकामाचं कव्हर, कव्हराखाली कंपनीचं प्लॅस्टिक तसंच, कोपऱ्यात उद्घाटनाच्या दिवशीचं कुंकू. पुतण्याला विचारलं, यावर काय बघता रे? तो म्हणाला, "अजून लावलाच नाय. हात लावला की गुरुजी ओरडतात."

हात लावला की ओरडतात! मग आणला कशाला? पूजेला?

मला आमच्या बाई आठवल्या. मी चौथीत. बाईंनी घरचा रेडिओ वर्गात आणला, टेबलावर पालथा घातला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. पाढे येत नाहीत म्हणून मागे बसवलेली मुलगी मी. झाकण निघालं आणि आत एक बारीक दोरा दिसला. बटण फिरवलं की दोरा सरकतो, दोऱ्याला अडकवलेला काटा सरकतो. तोवर मला वाटायचं, काटा आपोआप जातो. आज मी सर्किट बोर्ड तपासायचं काम करते, त्याची सुरुवात त्या टेबलाशी आहे.

२०२० च्या डिसेंबरमध्ये रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. माढा तालुक्यातलं परितेवाडी, तिथली जिल्हा परिषदेची शाळा. त्या माणसानं पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, म्हणजे पोरानं घरी कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा बघता येतो. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बालभारतीच्या पुस्तकांत तसे कोड येऊनही वर्षं झाली. दुपारी पुतण्याच्या पुस्तकातल्या कोडवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे रे? म्हणाला, "नक्षी."

फार लागलं मला ते.

हो, मोबाईलनं पोरांना नाद लागतो, मान्य. पण घरी तीच पोरं तासतास रील बघतात तेव्हा कुणाला काही वाटत नाही. शाळेत शिकायला म्हणून पडदा लावायचा म्हटलं की सगळ्यांना त्यांच्या डोळ्यांची काळजी!

संध्याकाळी गुरुजी पिठाच्या गिरणीवर भेटले. मी तावातावानं बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "ताई, आधीच्या शाळेत माझ्या हातून प्रोजेक्टर जळाला. भरपाई पगारातून गेली." दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी बोलले. निघताना ते हळू आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू? मला तो नीट चालवता येत नाही. पोरांसमोर चुकलो तर?"

माझा राग तिथेच गेला. आता लिहितानाही त्यांचा चेहरा समोर येतोय.

कारण त्या दिवशी रेडिओ परत बसवताना माझं बोट घसरलं आणि दोरा निसटला. काटा एका बाजूला लोंबायला लागला. मी रडायच्या बेतात. बाईंनी आत वाकून बघितलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "हे मलापण येत नाही गं. चल, बघू." दोघी मधल्या सुट्टीपर्यंत बसलो. दोरा कुठून कुठे जातो याचं चित्र बाईंनी पाटीवर काढलं, पुसलं, परत काढलं. तिसऱ्या खेपेला काटा सरकला आणि खरखरत सांगली केंद्र लागलं. बाईंना ते येत नव्हतं म्हणून त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही. उलट त्या दिवसापासून मी पुढच्या रांगेत बसायला लागले.

हे सगळं मी गिरणीवर गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर याल का?"

रजा वाढवून घेतलीय. शनिवारी जाणार आहे, सोबत एक्स्टेन्शन बोर्ड आणि टेस्टर. गुरुजींनी एवढंच विचारलं, "पोरांना घरी पाठवू ना?"

म्हटलं, थांबू देत, गुरुजी. कव्हर त्यांनाच काढू दे.