दुसरा फ्लॅट आणि "टॅक्स वाचतो" हे वाक्य

"दुसरा फ्लॅट घेऊन टाक, लोन काढ, भाड्याने दे, वर टॅक्स पण वाचतो." हे वाक्य आपल्याकडे अजून जोरात चालतंय. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात चालतं, लग्नाच्या पंगतीत काका-मामा सांगतात, ऑफिसातला सिनियर ज्युनियरला सांगतो. मी पिंपरी-चिंचवडमध्ये लोकांची रिटर्न्स भरायचं काम करते, त्यामुळे ह्या वाक्याच्या भरवशावर घेतलेले फ्लॅट दर जुलैला माझ्या टेबलावर येतात, आणि मला मनापासून वाटतं की हे वाक्य आता थांबायला पाहिजे. ज्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या वेळी ते खरंच होतं, पण घराचा तोटा पगारातून वजा करायचा नियम २०१७ ला बदलला आणि वाक्य तसंच राहिलं.

आधी हिशेब मांडते, कारण हिशेब न मांडता ह्या विषयावर बोललं की सगळं हवेत जातं. समजा आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला टू बीएचके आहे, भाडं महिना २२ हजार, म्हणजे वर्षाचं २ लाख ६४ हजार. त्यातून महापालिकेला भरलेला मालमत्ता कर वजा होतो, धरा १४ हजार (त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा, नुसतं बिल आलेलं चालत नाही, पावती लागते). राहिले अडीच लाख. ह्यातून ३० टक्के सरसकट सूट मिळते, तुम्ही रंग काढा नाहीतर काढू नका, ७५ हजार गेले. राहिले पावणेदोन लाख. आता लोनचं व्याज. ६० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच ५ लाख ५ हजारांच्या आसपास जातं. पावणेदोन लाखांतून ५ लाख ५ हजार वजा केले की तोटा ३ लाख ३० हजार. हा कागदावरचा तोटा.

आता खिशातून जाणारं बघा. ईएमआय ५२ हजार, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाख. सोसायटी मेंटेनन्स साडेतीन हजाराने ४२ हजार. मालमत्ता कर १४ हजार. भाडं आलं २ लाख ६४ हजार. म्हणजे दरवर्षी साधारण ४ लाख १७ हजार घरमालक पगारातून घालतोय, ज्यातले जेमतेम १ लाख २० हजार मुद्दलात जातात. मेंटेनन्सची वेगळी वजावट मागायला लोक येतात, ब्रोकरची एक महिन्याची दलाली, गीझर बदलला त्याचं बिल, सगळं फाईलला लावून आणतात. पण ते सगळं त्या ३० टक्क्यांतच धरलेलं आहे, वेगळं काही मिळत नाही.

तर हा ३ लाख ३० हजारांचा तोटा, ह्याचं होतं काय? २०१७ च्या आधी तो सगळाच्या सगळा पगारातून वजा व्हायचा. वर मर्यादाच नव्हती. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला एक लाखाच्या वर परत मिळायचे, आणि म्हणून काका जे सांगत होते ते बरोबर होतं. २०१७ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी मर्यादा घातली, आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून घराचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला फक्त दोन लाखांपर्यंत वजा होतो. उरलेला पुढे आठ वर्षं नेता येतो, पण पगारातून कधीच नाही, फक्त घराच्याच उत्पन्नातून. ऐकायला बरं वाटतं ना, आठ वर्षं! पण आपल्याच उदाहरणात बघा, भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं असं धरलं तरी नवव्या वर्षी सुद्धा लोनचं व्याज जवळपास ३ लाख ९० हजार जातंय आणि भाड्याचं निव्वळ उत्पन्न २ लाख ६० हजारांच्या आसपास आहे. म्हणजे तेव्हाही तोटाच. मग पहिल्या वर्षीचे पुढे नेलेले १ लाख ३० हजार कशातून वजा करणार? ते न वापरताच संपतात. दुसरं एखादं विनालोनचं घर किंवा दुकान भाड्याने दिलेलं असेल तरच त्या पुढे नेण्याला अर्थ आहे, नाहीतर दरवर्षी रिटर्नमध्ये एक आकडा पुढे सरकतो आणि आठ वर्षांनी पुसला जातो.

हे झालं जुन्या पद्धतीचं (टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, त्यांनाच रेजीम म्हणतात: जुनीत बऱ्याच वजावटी मिळतात, नवीत दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत). नव्या रेजीममध्ये तर घराचा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज भाड्यातून वजा करता येतं, भाड्याचं उत्पन्न शून्यावर येतं, आणि तिथे थांबा. २०२३-२४ पासून नवी रेजीम हीच मूळ पद्धत आहे, तुम्ही काही निवडलं नाही तर आपोआप तीच लागते. हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. पगारदार माणसाला दरवर्षी रिटर्न भरताना जुनी निवडता येते, कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला नवी सांगितली असली तरी चालतं, पण रिटर्न मुदतीतच भरायला लागतं. मुदत उलटली की जुनीचा दरवाजा बंद, आणि दोन लाखांचा तोटा त्या वर्षाच्या टॅक्समधून गेला.

"मग जुनी घ्यायची ना," असं लगेच वाटतं. थांबा, हेही आकड्यात बघू. पगार १८ लाख. २०२५-२६ चे दर. नव्या रेजीममध्ये ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट) गेल्यावर सेससकट टॅक्स होतो १ लाख ५० हजार ८००. जुनीत ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, अडीच हजार प्रोफेशनल टॅक्स, ८०सी चे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार आणि घराच्या तोट्याचे पूर्ण दोन लाख, एवढं सगळं वजा करूनसुद्धा टॅक्स येतो २ लाख ३३ हजार २२०. म्हणजे तोटा वापरायचा म्हणून जुनीत राहिलात तर ८२ हजार जास्त भरताय! आता हाच माणूस नोकरीसाठी ठाण्यात भाड्याने राहतो आणि त्याला तीन लाखांचा एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची सूट) बसतो असं धरा (स्वतःचं घर पुण्यात भाड्याने देऊन दुसऱ्या गावात एचआरए घेणं पूर्ण कायदेशीर आहे, ह्याला उगाच घाबरू नका), तर जुनीत टॅक्स १ लाख ३९ हजार ६२० होतो. नवीपेक्षा ११ हजार १८० कमी. आणि घराचा तोटा नसताच, तर त्याने सरळ नवी घेतली असती. म्हणजे वर्षाला चार लाखांच्या वर खिशातून घालून त्या फ्लॅटने खरा टॅक्स वाचवला तो ११ हजार १८० रुपये. हा आकडा मी लोकांना कागदावर लिहून दाखवते तेव्हा बराच वेळ कोणी बोलत नाही.

फ्लॅट घेऊ नका असं मी कोणालाच म्हणत नाहीये. आईवडिलांना पुढे राहायला हवा, मुलीसाठी ठेवायचाय, निवृत्तीनंतर भाड्यावर घर चालवायचंय, त्या भागाची किंमत वाढेल असा अंदाज आहे, ही सगळी खरी कारणं आहेत. पुण्या-मुंबईत भाडं घराच्या किमतीच्या दोन-चार टक्के सुटतं आणि लोनचं व्याज त्याहून बरंच जास्त असतं, तर तोटा होणारच, तो पहिल्या दिवसापासून माहीत असतो. तो सोसायची तयारी असेल तर जरूर घ्या. फक्त टॅक्स ह्या कारणासाठी घेऊ नका, आणि त्या कारणाने कोणाला घ्यायला लावू तर अजिबात नका.

आता ज्यांनी घेतलाय त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, भाडं लपवू नका. "रोख घेतो, दाखवतच नाही, घर स्वतःचं राहतं दाखवतो" असं सांगणारे अजून भेटतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं लोन चालू असतं. अहो, व्याज भाड्यापेक्षा मोठं आहे, भाडं दाखवलं तरी त्याच्यावर टॅक्स शून्यच आहे! नव्या रेजीममध्ये तर राहत्या घराच्या व्याजाला काहीच मिळत नाही, म्हणजे लपवून फायदा शून्य आणि धोका पूर्ण. तुमचा भाडेकरू त्याच्या कंपनीत एचआरए मागताना वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर तुमचा पॅन देतो, लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आपल्या राज्यात सक्तीची आहे, भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर तो भाड्यातूनच टॅक्स (टीडीएस) कापतो. लपत काही नाही.

दुसरी, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, लोन दोघांचं आणि हप्ताही दोघांच्या कमाईतून जात असेल तर तोटा दोघांत विभागला जातो आणि दोन लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते. आपल्या उदाहरणात प्रत्येकी १ लाख ६५ हजार, म्हणजे जुन्या रेजीममध्ये पूर्णच्या पूर्ण वजा, पुढे न्यायला काही उरत नाही. पण बायकोचं नाव नुसतं करारनाम्यात आणि पैसा सगळा नवऱ्याचा, असं असेल तर हे चालत नाही. कित्येक घरांत बाई निम्मा हप्ता भरत असते आणि तरी रिटर्नमध्ये सगळं घर नवऱ्याच्याच नावाने लागतं, तिच्या रिटर्नमध्ये घराचा उल्लेखसुद्धा नाही. हे बघून मला फार वाईट वाटतं. तिचं घर आहे, तिचा हप्ता आहे, तिचा तोटाही तिच्या रिटर्नमध्ये दिसला पाहिजे.

आणि कागद. बँकेकडून जानेवारीत मिळतं ते तात्पुरतं व्याज सर्टिफिकेट, ऑफिसला देण्यापुरतं. रिटर्नला एप्रिलनंतरचं अंतिम घ्या, मध्ये दर बदलला असेल, थोडं पार्ट पेमेंट केलं असेल तर आकडा वेगळा येतो. तोटा पुढे न्यायचा असेल तर रिटर्नचा आयटीआर १ हा फॉर्म चालत नाही, आयटीआर २ भरावं लागतं. मध्ये दोन महिने घर रिकामं राहिलं तर त्या महिन्यांचं भाडं धरायची गरज नाही, जेवढं मिळालं तेवढंच दाखवा, पण आधीचा आणि नंतरचा करारनामा जपून ठेवा. (आणि ज्या सोसायट्या बॅचलर मुलं नकोत, मुली नकोत, अमुक लोक नकोत असे ठराव करतात त्यांनी कधीतरी विचार करावा, तो रिकामा फ्लॅट कोणाच्या तरी हप्त्यावर उभा असतो.)

ताबा न मिळालेल्यांचं दुखणं वेगळंच आहे. बांधकाम चालू असेपर्यंत भरलेल्या व्याजाची त्या वर्षी काहीच वजावट नाही. घर पूर्ण झाल्यावर आधीच्या वर्षांचं व्याज पाच समान हप्त्यांत मिळतं, पण तेही त्याच दोन लाखांच्या मर्यादेत. प्रोजेक्ट चार वर्षं रखडला तर माणूस चार वर्षं राहत्या घराचं भाडं आणि न मिळालेल्या घराचा हप्ता असं दोन्ही भरतो, आणि शेवटी ताबा मिळतो तेव्हा चालू वर्षाच्या व्याजानेच मर्यादा भरलेली असते. चूक बिल्डरची, आणि वजावट ग्राहकाची बुडते.

ह्यात मला सगळ्यात खटकतं ते हे. लोन फिटलं, भाड्यातून नफा व्हायला लागला की सरकार त्यातला प्रत्येक रुपया मोजतं, तिथे दोन लाखांची मर्यादा नाही. तोटा झाला की जुनीत दोन लाखांपर्यंतच ओळखतं आणि नवीत पगारासमोर ओळखतच नाही. दोन लाखांचा आकडा २०१७ पासून हललेला नाही, ह्या काळात पुण्यातल्या फ्लॅटच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे नंबर बदलले, भाषा सोपी केली म्हणतात, पण हा तिढा तसाच ठेवला. मान्य आहे, मोठमोठी लोन काढून चार-चार फ्लॅट घेणाऱ्यांनी आधीच्या नियमाचा फायदा उपटला आणि त्याला आवर घालायला हवा होता. पण मग घरांच्या संख्येवर मर्यादा घाला ना. एकच फ्लॅट असलेला, तो भाड्याने देऊन स्वतः नोकरीच्या गावी भाड्याने राहणारा माणूस त्या चार फ्लॅटवाल्याच्या रांगेत कशाला? त्याला नवीमध्येही एका घराचा तोटा ठराविक रकमेपर्यंत पगारातून वजा करू द्या, आणि उरलेल्याला आठ वर्षांची अट काढा, घर विकेपर्यंत चालू ठेवा. अमेरिकेत भाड्याच्या घराचा जो तोटा त्या वर्षी वजा होत नाही तो साठत राहतो आणि घर पूर्णपणे विकलं की मोकळा होतो, तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. आपल्याकडे हे का होऊ नये?

तोपर्यंत एक करा. यंदा रिटर्न भरायच्या आधी दोन्ही रेजीमचा टॅक्स काढून बघा. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कॅल्क्युलेटर आहे, सीए असेल तर त्याच्याकडून दोन्ही आकडे लेखी मागा, तो नाही म्हणणार नाही. आणि कोणी नवीन बुकिंग करायला निघालं असेल, भाऊ, भाची, ऑफिसातला मुलगा, तर टोकन द्यायच्या आधी त्याच्यासोबत अर्धा तास बसून भाडं, व्याज, मेंटेनन्स आणि त्याचा स्वतःचा पगार घालून हाच हिशेब एकदा मांडा.