चष्मा शेवटचा कधी बदलला?

काल इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका काकूंकडे गेले होते. वय सत्तरीच्या पुढे, यजमान कापडाच्या मिलमध्ये होते. घरात टीव्ही आहे, मुलाकडे मोबाइल आहे, फ्रीजसुद्धा आहे. फक्त तो बंद आहे. आत डाळ-तांदळाचे डबे ठेवलेत. दुरुस्तीचे अडीच हजार सांगितले, त्याला तीन वर्षं झाली. काकूंच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

गरिबीच्या मोजणीत वस्तूंच्या रकान्यात हे घर वंचित ठरत नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात 12 गोष्टी बघतात. वस्तूंपुरतं म्हणाल तर टीव्ही, फोन, सायकल, फ्रीज अशांपैकी एकाहून जास्त असल्या की पुरे. या मोजमापाने मध्य प्रदेशातलं गरिबांचं प्रमाण 2015-16 ते 2019-21 या काळात 36.57 टक्क्यांवरून 20.63 वर आलं. हा बदल मी खरा मानते. रॉकेलसाठी कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, रांगेत उभी असलेली आई मी पाहिली आहे. पण घरात आलेली वस्तू बिघडल्यावर काय होतं, तेही विचारा ना!

हे मला आमच्याच घरात कळलं. नव्वदीच्या सुरुवातीला बाबांची मिल बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. त्या दिवशी घरातलं काहीच हललं नाही. कपाट, पंखा, शिलाई मशीन, सगळं जागच्या जागी. आधी पेपर बंद झाला. मग खंडव्याला गाडी बदलून जळगावला आत्याकडे जाणं थांबलं. भाडं कसंबसं निघालं असतं, आहेर कुठून आणायचा? आई पत्रात लिहायची, "ह्यांना बरं नाही." महालक्ष्म्यांना बाहेरची सवाष्ण बोलावणं बंद झालं. दाढ दुखली की आई लवंग धरायची. अशा तिच्या चार दाढा गेल्या. मशीन विकलं ते चौथ्या वर्षी. त्याआधी कोणी वस्तू मोजायला आलं असतं तर दरवर्षी तीच यादी लिहून गेलं असतं.

आणि असं किती वर्षं चालतं? इथल्याच हुकुमचंद मिलच्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचा, जवळजवळ 224 कोटींचा, धनादेश 25 डिसेंबर 2023 ला दिला गेला. मिल बंद पडून तीस वर्षं उलटली होती. कित्येक कामगार तोवर गेलेही होते. त्या तीस वर्षांत त्यांच्या घरांतून काय काय थांबत गेलं, याची नोंद कुठे आहे?

युरोपीय संघात यासाठी 13 गोष्टी विचारतात. झिजलेल्या कपड्यांऐवजी नवे घेता येतात का, पायात घालायला दोन जोड आहेत का, अचानक आलेला खर्च झेपतो का, महिन्यातून एकदा आपल्या माणसांबरोबर खाणंपिणं जमतं का. पाच गोष्टी पैशाअभावी जमत नसतील तर ते माणूस वंचित. त्यांची यादी जशीच्या तशी आपल्याला चालणार नाही, पण विचारण्याची रीत घेण्यासारखी आहे. आपण विचारावं, चष्मा शेवटचा कधी बदलला? माहेरी शेवटचं कधी गेलात? लग्नाचं आमंत्रण आलं तर जाता का? आणि त्याच घरी तीन वर्षांनी पुन्हा जावं.

निघताना काकूंना विचारलं, अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिलांचे सजवलेले देखावे, बघायला येणार ना? मिला बंद झाल्या तरी झांक्या निघतात, आणि यजमानांच्या मिलची झांकी त्यांनी कधी चुकवली नव्हती.

"दोन वर्षं गेले नाही गं," म्हणाल्या, "रात्रीचं दिसत नाही आता."