पुण्याच्या विमानतळाला सूज आलेली नाही

गेले काही आठवडे एक लांबलचक संदेश पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला, त्यात एकदा सख्ख्या काकांकडून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याचा ‘आंतरराष्ट्रीय’ विमानतळ हा नुसता देखावा आहे. स्वस्त विमान कंपन्यांनी सरकारी सवलती लाटून तिथे गर्दी जमवली, ही वाढ नव्हे, सूज आहे. सामान्य माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. या कंपन्या बुडाल्या की लोहगावचा हा विमानतळ ओस पडेल. आणि आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाच आहे, मग पुण्यावर पैसा घालवायचा कशाला?

मी धानोरीत राहतो. हवाई दलाचं सुखोई उठलं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि घरातलं बोलणं अर्धा मिनिट आपोआप थांबतं. या विमानतळाविषयी माझ्याही तक्रारी आहेत आणि त्या पुढे येतीलच. पण हा संदेश वाचून राग आला, कारण त्यात जे खरं दुखणं आहे त्याचा उल्लेखच नाही आणि ज्यांना शिव्या दिल्यात त्यांनीच हा विमानतळ उभा केलाय.

आधी सवलतींचं. विमान कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा इंधनाचा. या इंधनावर महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला २५ टक्के व्हॅट होता. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात तो १८ टक्क्यांवर आला. त्याच सुमारास अनेक राज्यांनी तो पाच टक्क्यांच्या आत आणून ठेवला होता. म्हणजे पुण्यात टाकी भरणाऱ्या कंपनीला सवलत सोडाच, जास्तीचा कर भरावा लागत होता, आणि तो भरूनही त्या इथे वाढल्या. ‘उडान’ योजनेचा निधी आहे, पण तो सिंधुदुर्ग, जळगावसारख्या छोट्या विमानतळांना जोडणाऱ्या मार्गांसाठी. पुणे–दिल्ली आणि पुणे–बेंगळुरू काही त्यावर चालत नाही. हा मुद्दा इथेच संपतो.

आता सूज की वाढ, ते पाहू. त्यासाठी लोहगाव मुळात काय आहे हे समजून घ्यावं लागेल, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमकं तेच टाळलंय. हा हवाई दलाचा तळ आहे, १९३९ पासूनचा. धावपट्टी त्यांची, उड्डाण-नियंत्रण त्यांचं. विमानतळ प्राधिकरणाकडे आहे तो कडेचा तुकडा: टर्मिनल आणि विमानं उभी करायची जागा. धावपट्टी एकच, लांबी २,५३५ मीटर. दिवसा लढाऊ विमानांचा सराव असतो. त्यातून उरलेल्या वेळा नागरी विमानांना मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा रात्रीच्या आणि पहाटेच्या.

रात्री दोनच्या विमानाने कोण जाणार? कंपनीच्या पैशाने फिरणारा साहेब तर नाहीच जात. पण स्वस्त कंपनीचं गणित वेगळं असतं. विमान भाड्याने घेतलेलं असतं, त्याचा हप्ता ते उभं असलं तरी चालूच असतो, म्हणून ते जितके तास हवेत राहील तितकं तिकीट खाली येतं. एकाच जातीची विमानं, साधारण १८० खुर्च्या, जेवण हवं त्याने विकत घ्यायचं, उतरल्यावर अर्ध्या तासात परत उड्डाण. असं विमान रात्री उभं ठेवणं त्यांना परवडतच नाही. लोहगावकडे उरल्या होत्या रात्रीच्या वेळा आणि या कंपन्यांना हवे होते रात्रीचे तास. पुण्याची वाढ या जोडीतून झाली. २०१३-१४ मध्ये वर्षाला सुमारे ३६ लाख प्रवासी होते, ते २०१८-१९ मध्ये ९० लाखांवर गेले. धावपट्टी तीच आणि टर्मिनलही तेच जुनं. या रात्रीच्या तासांवर किती अवलंबून आहोत, ते २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कळलं. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी रात्री ८ ते सकाळी ८ उड्डाणं बंद झाली आणि वेळापत्रकाचं कंबरडंच मोडलं.

‘सामान्य माणसाला उपयोग नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने रात्री दीड वाजता लोहगावला एकदा उभं राहून बघावं. मागच्या मे महिन्यात मी उभा होतो. नागपूरला मामांना दवाखान्यात हलवल्याचा फोन रात्री साडेनऊला आला. ट्रॅव्हल्सने गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी दुपार झाली असती. ऐनवेळचं तिकीट महाग पडलं, ते नाकारत नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे रांचीकडचा एक पोरगा होता, विशी-बाविशीचा, वाघोलीत फरशी बसवायच्या कामावर असलेला. मशीनमधून त्याची पिशवी बाहेर आली आणि जवानाने ती उघडायला लावली. आत थापी आणि ओळंबा. जवानाला ओळंबा काय असतो ते कळेना, तेव्हा त्या पोराने दोरी बोटाला धरून तो तिथेच लोंबता सोडून दाखवला. वजन हलायचं थांबेपर्यंत आम्ही सगळे रांगेतले त्याच्याकडे बघत होतो. हत्यारं हातातल्या सामानात चालत नाहीत, म्हणून त्याला ती पिशवी मोठ्या सामानात द्यायला परत पाठवलं. धावत गेला आणि धावत आला. बहिणीचं लग्न होतं. दीड महिना आधी तिकीट काढल्याने थर्ड एसीपेक्षा थोडेसेच जास्त पैसे पडले, असं सांगत होता. रेल्वेने जाण्या-येण्यात चार दिवस गेले असते, आणि चार दिवसांची हजेरी बुडाली असती ती वेगळीच.

विमानाचं तिकीट महाग की स्वस्त, याचा हिशेब रोजंदारीवाला हजेरीत करतो. पुण्यात बांधकामावर, हॉटेलांत, चाकणच्या कारखान्यांत बाहेरून आलेली माणसं लाखांनी आहेत. दानापूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी लटकून ते घरी जातात, ते हौस म्हणून नव्हे. त्यांच्यातल्या काहींना वर्षातून एकदा तरी दुसरी वाट मिळते आहे, आणि तिला ‘सूज’ म्हणायचं धाडस माझ्याच्याने होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुणेकरांनी तरी विसरू नये. १२ जानेवारी २०२१ ची पहाट. सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डची पहिली खेप निघाली ती याच लोहगावहून. त्यातलं दिल्लीला गेलेलं पहिलं विमान स्पाइसजेटचं होतं: ३४ खोकी, १,०८८ किलो. त्या दिवशी एअर इंडियासोबत स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो या तिन्ही स्वस्त कंपन्यांच्या विमानांनी मिळून देशातल्या १३ शहरांत ५६ लाखांहून अधिक डोस पोचवले. माझ्या आईला तिची पहिली लस मिळाली तेव्हा या खोक्यांचीच आठवण झाली होती.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावरचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. परदेशी जाणारे-येणारे प्रवासी पुण्याच्या एकूण प्रवाशांत शंभराला जेमतेम दोन-तीन. सव्वा कोटीच्या जिल्ह्याला हे शोभत नाही, हे मलाही मान्य. पण त्याचं खापर स्वस्त कंपन्यांवर? मोठ्या प्रतिष्ठेची कंपनी येऊन गेली आहे की. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, मोजक्या खुर्च्यांचं छोटं विमान लावून. जर्मन कारखान्यांच्या साहेबांची सोय झाली, पण ती सेवा टिकली नाही. मूळ अडचण धावपट्टीची आहे. लांब पल्ल्याचं मोठं विमान पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन उडायचं तर २,५३५ मीटर अपुरे पडतात, त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आणि उन्हाळ्याची हवा पातळ. तुलनेला नवी मुंबईची धावपट्टी घ्या: ३,७०० मीटर. लोहगावहून जिथवर सहज जाता येतं तो टापू आखाताचा आणि आग्नेय आशियाचा, आणि तिथे जाणारी विमानं मध्यम आकाराची, म्हणजे पुन्हा याच कंपन्यांकडची. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दुबई आणि बँकॉकची उड्डाणं सुरू केली ती इंडिगोनेच. नावातला ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द थोडाफार खरा केला असेल तर त्यांनी.

आता बुडण्याविषयी. संदेशात किंगफिशर आणि गो फर्स्टची नावं एका दमात घेतलीत. किंगफिशर काही स्वस्त कंपनी नव्हती, आणि १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आलेली जेट एअरवेजही नव्हती. दोन्ही जेवणाखाणासकट थाटात चालणाऱ्या. उलट ज्या कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये एअर डेक्कन काढून या देशात स्वस्त विमानप्रवास आणला, त्यांची कंपनी किंगफिशरने पोटात घेतली आणि दोन्ही गेल्या. गो फर्स्टचं, म्हणजे पूर्वीच्या गोएअरचं म्हणाल तर ती ३ मे २०२३ ला थांबली. त्या आर्थिक वर्षात पुण्याचे प्रवासी ८० लाखांच्या आसपासवरून ९५ लाखांवर गेले, आणि पुढच्या वर्षी एक कोटीचा आकडा ओलांडला. ओस काही पडलं नाही. एक कंपनी गेली की तिच्या वेळा दुसरीने घेतल्या, कारण प्रवासी कंपनीचा नव्हता, पुण्याचा होता.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि संदेशाने तो पाहिलेलाच नाही. देशातल्या दहा प्रवाशांमागे सहाहून अधिक एकट्या इंडिगोने जातात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाले, डिसेंबरात त्या कंपनीकडे माणसं पुरेनात आणि देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. पुण्यात तर वैमानिकांची वाट पाहत थांबलेल्या विमानांनी उभं राहायच्या जागाच अडवल्या, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांची विमानंही खोळंबली. माणसं सामानावर डोकं टेकून जमिनीवर झोपली होती. एकाच कंपनीवर इतका भार नको, वेळा वाटताना आणखी दोन-तीन कंपन्यांना जागा ठेवा, अशी मागणी कुणी केली तर मी सही करायला पहिला. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं आणि प्रवासी आत गेले १४ जुलैला. त्या चार महिन्यांचा जाब विचारा. कॅब पकडायला एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीपर्यंत बॅगा ओढत नेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी भांडा. हे सगळं भांडण्यासारखं आहे.

राहिलं नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली, चांगलंच झालं. लंडन-न्यूयॉर्कला जाणारा पुणेकर आजवर रात्रीची कॅब करून मुंबईला जायचा, तो उद्या थोडा अलीकडे उतरेल. हिंजवडी, वाकड, निगडीच्या काही लोकांना देशातल्या प्रवासासाठीही ते सोयीचं पडेल. पण खराडी, हडपसर, वाघोली आणि पलीकडे शिरूर, दौंड, अहिल्यानगर? लोहगावहून नागपूरचं विमान दीड तासात पोचतं. त्या दीड तासासाठी घाट उतरून तीन तास गाडीत बसायला सांगणं म्हणजे विमानाने जाऊच नका असं सांगणं.

पुरंदरचा नवा विमानतळ हा यावरचा उपाय म्हणून दाखवला जातो. पारगाव, खानवडी, कुंभारवळण आणि शेजारच्या गावांतल्या अनेक शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला, आणि अंजीर-सीताफळाच्या बागा ज्यांच्या जाणार त्यांना पुण्याच्या सोयीचे धडे द्यायचा अधिकार मला नाही. तो निकाल लागेपर्यंत पुण्याकडे ही एकच उसनी धावपट्टी आहे. मामांना भेटून चौथ्या दिवशी मी परत आलो तेही पहाटेच्याच विमानाने. लोहगावला उतरलो तेव्हा समोरच्या रांगेत पुढच्या उड्डाणाची माणसं आधीच उभी होती आणि वीस मिनिटांत आमच्याच विमानात चढायलाही लागली.