चार वाजता दाब पडतो, पाऊस नाही

परवा साडेचारला अहमदपूरकडच्या मामांचा फोन. "दाब पडलाय रे. उद्या तिफण धरतो." मृगाचा नुसता शिंतोडा झालेला, ढेकूळही भिजलेलं नाही, आणि मामा सोयाबीनच्या बॅगा फोडायला निघालेले! कारण गावोगाव फिरणारा तो मेसेज. त्याचं म्हणणं असं: फोनमधलं बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, उघडा, दुपारी दाब तीन अंकांनी उतरला की चोवीस तासांत पाऊस, अंदमान बेटावर असंच ओळखतात. नेहमीचा दाब 1013, आपल्याकडे 943, म्हणजे डोक्यावर चक्रीवादळ. शिवाय अमावस्येला हवेला भरती येते, तेव्हा पेरा.

"मी सोता पाहिलं, दहाला 946 होता, चारला 943," मामा म्हणाले. बरोबरच पाहिलं. आदल्या दिवशी पाहिलं असतं तरी जवळपास तेच दिसलं असतं.

उष्ण प्रदेशात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. उन्हानं वरचा ओझोन तापतो, खालची वाफ तापते, त्यातून अख्ख्या वातावरणात लाट उठते आणि सूर्याच्या मागं पृथ्वीभर फिरते. विषुववृत्ताजवळच्या बेटांवर ही लय सगळ्यात स्वच्छ दिसते. जावा बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तात, 1866 पासून तासातासाला दाब नोंदवत होते. तिथला नोव्हेंबर 1919 चा आलेख प्रसिद्ध आहे: रोज दोन उंचवटे, दोन खळगे, करवतीच्या दात्यांसारखे. सोबत जर्मनीतल्या पॉट्सडॅमची रेघ काढलेली असते. तिथं येणारी-जाणारी वादळं दाब इतका हलवतात की ही लय त्यात बुडून जाते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टला तर दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत वाटलं होतं की नुसत्या दाबावरून किती वाजले ते सांगता येईल. मामांनीही चार वाजलेले पाहिले, एवढंच.

आणि दुपारी दाब उतरला की पाऊस पडत असता तर आपल्याला टँकर कशाला लागले असते? 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. तेव्हाही रोज चारला दाब उतरतच होता.

आता ते 943. मेसेजमधलं सगळ्यात येडं वाक्य हेच. 1013 ही समुद्रसपाटीची सरासरी आहे. लातूरचं पठार साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. वर जाल तशी डोक्यावरची हवा कमी होते, नऊ-साडेनऊ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल, म्हणजे फोनवरचा एक अंक. मामांची विहीर पन्नास फूट. तळाशी फोन नेला तर दाब दीडेक अंकानं वाढेल. म्हणजे काठावर वादळ आणि तळाशी उघडीप? 1999 च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात केंद्रातला दाब 912 होता, पण तो समुद्रसपाटीचा. आपला 943 समुद्रसपाटीला आणून मोजला तर हजाराच्या पुढे जातो.

अमावस्येचं: चंद्रामुळं हवेला भरती येते, हे खरं. पण ती एका हेक्टोपास्कलच्या दहाव्या भागाएवढीही भरत नाही. फोनला ती कळणार नाही, सोयाबीनला तर नाहीच. आणि बऱ्याच फोनमध्ये दाब मोजायची सोयच नसते. ॲप नेटवरचा आकडा उचलून दाखवतं.

एक मात्र मान्य करावं लागेल. दाबावरून वादळ कळतं. पण उष्ण समुद्रातले खलाशी आधी ही रोजची चढउतार वजा करायचे. त्यानंतरही दाब त्या मोसमाच्या सरासरीपेक्षा तीन हेक्टोपास्कलनं कमी भरला की सावध व्हायचे. आजचे चार कालच्या चारशी ताडून पाहायचे, आजच्या दहाशी नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं हेच गाळलं.

पेरणीला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस लागतो, हे कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं. दुबार पेरणीची बॅग मेसेजवाला आणून देणार आहे का?

रात्री दहाला मामांना पुन्हा फोन उघडायला लावला. 945.

"आयला, चढला की," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "मी ते तीन ग्रुपवर टाकलंय रे."

म्हणून हे लिहिलं. तिन्ही ग्रुपवर मामाच टाकतील, तसं कबूल केलंय त्यांनी.